वाँटन रॅपरचे चिप्स उडायचे थांबले

वाँटनच्या रॅपरचे, म्हणजे त्या चिनी मोमोसारख्या पदार्थासाठी मिळणाऱ्या मैद्याच्या पातळ पाऱ्यांचे, चिप्स एअर फ्रायरमध्ये करताना खरी कटकट पंख्याची. रॅपर कागदासारखे हलके. गरम हवेचा झोत आला की कापलेले त्रिकोण उडतात, एकमेकांवर चढतात, एखादा तर थेट कॉइलला चिकटून करपतो. दुमडलेले मधे कच्चे, कडेला काळे. शेवटी स्टीलची बुटकी जाळी त्यांच्यावर पालथी घातली आणि प्रश्न मिटला. चिप्सचा थर मात्र एकच हवा.

तेल ब्रशने दोन्ही बाजूंना, अगदी पुसटसं. कोरडं राहिलेलं रॅपर कुरकुरीत होत नाही, नुसतं कडक होतं, वर पिठाचे पांढरे डागही तसेच राहतात. १८० अंश सेल्सिअसला ४ ते ५ मिनिटं, मधे एकदा उलटायचे. शेवटच्या मिनिटाला तिथून हलू नका, सोनेरीचं काळं व्हायला काही सेकंद पुरतात. मी फिकट सोनेरी असतानाच काढते. खरा कुरकुरीतपणा गार होताना येतो. गरम गरम ढीग घातला की वाफेने खालचे सादळलेच म्हणून समजा.

चिप्ससोबतचं चिकनचं डिप त्या मानाने सोपं. शिजलेलं चिकन गरम असतानाच काट्याने पिंजायचं, पाणी निथळून क्रीम चीजमध्ये मिसळायचं. चीज फ्रिजमधून आधीच काढून मऊ झालेलं हवं, नाहीतर गुठळ्या काही केल्या मोडत नाहीत. लसूण, कांद्याची पात, मिरपूड, थोडा लिंबूरस. मीठ चाखूनच, कारण चीज मुळातच खारट. घट्ट वाटलं तर चमचाभर दूध घालावं. एवढी पातळ चिप घट्ट डिपमध्ये बुडवली की तिथेच मोडते.