निकालानंतरच्या रविवारी मंडळीत या चुका टाळा

२३ नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचा निकाल लागला. शनिवार होता. दुसऱ्या दिवशी नेमका येशूला राजा म्हणून मान देणारा ख्रिस्तराजाचा सण. निकालाच्या संध्याकाळी मी मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर लिहिलं, "प्रभूने विजय दिला." सकाळी उपासनेला आमचे एक काका नेहमीच्या तिसऱ्या बाकावर दिसले नाहीत. पार मागे, दाराजवळ बसले होते, आणि चहाला न थांबता निघून गेले. मंगळवारी मी मोहननगरला त्यांच्या घरी गेलो. काकूंनी पाणी आणून ठेवलं. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मंग मी प्रभूच्या विरोधात मत देल्लं का, बाबू?"

निकालावर देवाचा शिक्का मारू नका. माझी चूक हीच होती. आपला उमेदवार आला की आपल्याला बायबलातल्या रोमकरांस पत्राचा १३ वा अध्याय आठवतो: अधिकार देवाकडून आहे. प्रेषित पौलाने हे लिहिलं तेव्हा रोमच्या गादीवर पुढे ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा सम्राट नीरो होता. तेच वचन आपला माणूस पडल्यावर वाचून बघा, किती जड जातं ते कळेल. येशूच्या बारा शिष्यांत रोमच्या मांडलिक सत्तेसाठी जकात गोळा करणारा मत्तय होता आणि ज्याला जिलोत म्हणत तो शिमोनही होता. जिलोत म्हणजे रोमी सत्तेचा कडवा विरोधक, असं सहसा मानतात. प्रभूने दोघांनाही एकाच पंगतीला बसवलं.

प्रार्थनेत नावं गाळू नका. तीमथ्याला पहिलं पत्र, अध्याय २: राजांसाठी आणि सर्व अधिकाऱ्यांसाठी प्रार्थना करा. आपल्याकडे इतरांसाठी करायच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत आवडत्या नेत्याचं नाव येतं, दुसऱ्याच्या वेळी नुसतं "सरकार". निवडून आलेल्या आमदाराचं नाव घ्या, मत कोणालाही दिलेलं असो. सोबत शहरासाठीही मागा: उन्हाळ्यातलं नळाचं पाणी, सरकारी दवाखान्यातल्या रांगा, कामाच्या शोधात पुण्याला गेलेली पोरं. बाबेलात (बॅबिलोनात) नेलेल्या बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्याने हेच सांगितलं होतं, ज्या नगरात आहात त्याचं भलं मागा. ते नगर तर त्यांना जिंकून नेणाऱ्यांचं होतं.

वेदीवरून प्रचार नको, हे वेगळं सांगायला नको. आचारसंहितेत चर्च, मंदिर, मशीद प्रचारासाठी वापरायला मनाई आहे, आणि १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ नुसार धर्माच्या नावाने मत मागणं हा भ्रष्ट आचार ठरतो.

घाबरलेल्याला "विश्वास कमी पडला" म्हणू नका. निकालानंतर कोणाला प्रार्थनासभेची काळजी वाटते, कोणाला मुलांच्या शाळेची. आधी ऐकून घ्या. भीती खरी असेल तर मंडळीने सोबत जावं, निवेदन द्यावं, वकिलाला भेटावं. धर्मस्वातंत्र्य देणारं संविधानाचं कलम २५ आपल्यासाठीही आहे. नाथान संदेष्टा दावीद राजाची चूक त्याच्या तोंडावर बोलला होता.

मी ग्रुपवर माफी मागितली, पण तेवढ्याने भागत नाही. ज्याचं मन दुखावलं त्याच्या शेजारी जाऊन बसावं लागतं. १ डिसेंबरला नाताळाआधीच्या आगमनकाळाचा पहिला रविवार होता. काका मागेच होते. मी तिसरा बाक सोडून दाराशी गेलो. पहिलं गीत सुरू झालं आणि काकांनी गीतपुस्तक थोडं माझ्याकडे सरकवलं.