कॅम्पर बाहेरून धुताना या चुका टाळा: जड पाणी, ऊन आणि टपाचे सांधे

बडोद्यात सोसायटीच्या आवारात कॅम्पर, म्हणजे आत राहण्याची सोय असलेली गाडी, धुवायचा म्हणजे बहुतेक वेळा बोअरचं पाणी, आणि ते जड असतं. एप्रिल-मेमध्ये भर दुपारी तापलेल्या पत्र्यावर ते मारलं की पुसायच्या आतच थेंब वाळतात आणि पांढरे ठिपके उरतात. ही धूळ नाही, क्षार आहे. कोरड्या फडक्याने घासलात तर रंगावर ओरखडे उठतील. पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घ्या, भिजवलेलं फडकं डागावर एक-दोन मिनिटं ठेवा आणि लगेच भरपूर पाण्याने धुवा. उघड्या ॲल्युमिनियमवर मात्र व्हिनेगर रेंगाळू देऊ नका.

मुळात धुवायचं ते सकाळी, ऊन चढायच्या आत. आधी टप, मग भिंती, शेवटी चाकं. एकेक बाजू धुवायची आणि वाळण्याआधी मायक्रोफायबरने टिपून घ्यायची. शेवटची बादली तरी नळाच्या पाण्याची असू द्या, मग ते आजवा तलावाचं असो की मही नदीचं. भांड्यांचं लिक्विड वापरू नका, ते मेणाचा थर उतरवतं. गाडीचा शाम्पू घ्या.

सर्व्हिस स्टेशनवर प्रेशर वॉशरचा फवारा अगदी जवळून मारतात. कारला ते एकवेळ चालून जातं, कॅम्परला नाही. पाणी खिडकीच्या रबराखाली आणि फ्रिजच्या बाहेरच्या हवेच्या जाळीतून आत शिरतं, भिंतीतलं प्लायवूड फुगतं आणि काही काळाने फायबरच्या पत्र्याला पोटं येतात. नोझल ४० अंशांच्या रुंद फवाऱ्याचं हवं, अंतर किमान ३ फूट, धार वरून खाली. सांधे, जाळ्या आणि स्टिकरच्या कडा सोडूनच द्या. संशय आला तर अंगठ्याने भिंत दाबून पाहा. ती मऊ लागली तर आतलं लाकूड ओलं आहे.

टपावरचे सांधे सगळ्यात नाजूक. इथली नेहमीची चूक म्हणजे हार्डवेअरच्या दुकानातून बाथरूमचं सिलिकॉन आणून जुन्या भेगेवरच फिरवणं. नवं असताना ते छान दिसतं. पुढे कड सुटते, अंगठ्याचं नख तिच्याखाली सहज जातं आणि तिथे काळ्या चिखलाची बारीक रेघ दिसते. म्हणजे पाणी कधीचंच आत जातंय. त्यात सिलिकॉनवर दुसरं सीलंट नीट धरत नाही, त्यामुळे पुढची दुरुस्ती आणखी किचकट होते.

जुना थर प्लास्टिकच्या पट्टीने पूर्ण खरवडून काढा. धातूची पट्टी वापरलीत तर टप कापला जाईल. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने जागा पुसून वाळू द्या. व्हेंटची (टपावरच्या हवेच्या झरोक्याची) चौकट सुटली असेल तर तिच्याखाली ब्यूटाइल टेप (चिकट रबरी पट्टी) लावून स्क्रू आवळा आणि बाहेर आलेली टेप कापून टाका. सपाट टपावरच्या सांध्यांच्या कडांवर आपोआप पसरणारं लॅप सीलंट भरा, उभ्या भिंतीवर न ओघळणारं. टपावर ईपीडीएम या कृत्रिम रबराचं आवरण असेल तर पेट्रोल, थिनर, रॉकेल यांचा थेंबही नको, रबर फुगतं. सीलंट त्या रबराला चालतं का, हे ट्यूबवर वाचूनच विकत घ्या.

खिडक्या बहुधा ॲक्रिलिकच्या असतात. अमोनियाचा काच-क्लीनर, स्पिरिट किंवा थिनर लागला की त्यांच्यावर केसासारख्या भेगांचं जाळं उठतं आणि ते परत जात नाही. सौम्य साबण आणि पाणी पुरे. उत्तरायणाच्या (संक्रांतीच्या) पतंगांनंतर टपावर एकदा जरूर चढून पाहा. एसी, अँटेना, सोलरच्या वायरी यांत मांजा अडकलेला असतो. तो ओढू नका, कात्रीने तुकडे करून उचला. काचेचा मांजा हॅचच्या (टपावरच्या उघडत्या झाकणाच्या) ॲक्रिलिकवरून सरकला की ओरखडा पडलाच.

धोरडोच्या पांढऱ्या रणातून किंवा दीवच्या किनाऱ्यावरून आलेली गाडी 'रविवारी धुऊ' म्हणून उभी ठेवू नका. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं आणि गंज वाढत राहतो. वरून गाडी चकचकीत केली तरी मीठ खालीच असतं: चॅसीच्या खाचा, पाट्यांच्या स्प्रिंगा, पायरीचे बिजागर, मडगार्डची दुमड. तिथे साधं पाणी कमी दाबाने पण बराच वेळ मारा.

गाडीच्या बाजूला उघडणारी कापडी छत्री (ऑनिंग) ओली गुंडाळली की बुरशी धरते. पावसात गुंडाळावीच लागली तर उघडीप मिळताच उघडून वाळवा. दारांच्या रबराला ग्रीस किंवा खोबरेल लावू नका, सिलिकॉन स्प्रे लावा. फक्त तो सीलंट लावायच्या जागी उडू देऊ नका.

बोट फिरवल्यावर पांढरी भुकटी लागली तर जेलकोट, म्हणजे फायबरवरचा चकचकीत थर, उन्हाने मेला आहे. त्यावर नुसतं मेण टिकत नाही. आधी पॉलिशिंग कंपाउंड, मग मेण. ते वर्षातून दोनदा, उन्हाळ्याआधी आणि दिवाळीनंतर.

जूनच्या पहिल्या पावसाआधी एक चाचणी करा. एकाने आत टॉर्च घेऊन बसायचं, दुसऱ्याने साध्या नळीने खालच्या सांध्यापासून सुरुवात करून एकेका सांध्यावर पाच मिनिटं पाणी सोडायचं. वरून सुरुवात केलीत तर ओघळामुळे नेमका सांधा कळणार नाही. आत थेंब दिसला की नळी ज्या सांध्यावर आहे त्याला खडूने खूण करा. पाणी छताच्या आतून वाहत दोन-तीन फूट लांबही टपकतं, म्हणून आतल्या डागाच्या बरोबर वर सीलंट भरत बसू नका.