पट्टीचा पैसा, शिलाईचा पैसा आणि हौसेचा डबा

घरखर्चाचे सल्ले बहुतेक पगारदारांसाठी लिहिलेले असतात. एक तारखेला पगार आला की त्यातून इतके टक्के बाजूला काढा, वगैरे. आमच्या भागातल्या कितीतरी घरांत ती एक तारीख येतच नाही. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन आडतीवर जातं तेव्हा पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, हातात पडते. संक्रांतीच्या सुमाराला तुरीची, होळीच्या आसपास हरभऱ्याची. जूनपासून पुढं मात्र शेतात पैसा नुसता घालायचा असतो.

मी लातुरात राहते. औसा तालुक्यात आमची कोरडवाहू जमीन आहे आणि घरात माझी शिलाई मशीन. म्हणजे वर्षातून दोन-तीनदा मोठी रक्कम येते आणि ब्लाउज-फॉलचे सुटे पैसे आठवडाभर येत राहतात. माझं सांगणं एवढंच, की या दोन पैशांची कामं वेगळी ठेवा आणि हौसेला तिसरा डबा द्या. हौसेला जागा ठेवली नाही म्हणून ती थांबत नाही. ती मग किराण्याच्या नाहीतर फीच्या पैशातून होते.

पट्टीचा पैसा आला की पहिलं पीककर्ज भरा. वेळेत भरलं तर ३ लाखांपर्यंतच्या कर्जाला व्याजाची सवलत मिळते. तारीख चुकली की ती जाते, आणि पुढच्या पेरणीला माणूस सावकाराच्या दारात उभा राहतो. शेकडा तीननं वीस हजार उचलले तर महिन्याला ६०० आणि वर्षाला ७,२०० रुपये नुसतं व्याज. तेवढं वाचवायला भाजी बाजारात किती घासाघीस करावी लागेल, हिशेब करून बघा. अडीनडीला आमचा बचत गट आहे. तिथं शेकडा एकनं मिळतं आणि व्याज आमच्याच बायांत राहतं.

दुसरं, वर्षाचं धान्य. यात वाचतं तेवढं दुसऱ्या कशात वाचत नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते. चार माणसांना दोन्ही वेळच्या भाकरीला रोज अर्धा किलो ज्वारी धरली तर महिन्याला १५ किलो, वर्षाला १८०. पाव्हण्यारावळ्यांसकट दोन क्विंटल. शाळूची नवी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येते, तेव्हाच घ्यायची. श्रावणात दुकानातून पाच-पाच किलो आणणाऱ्याला तीच ज्वारी महाग पडते. आणली की दोन-तीन दिवस कडक ऊन द्यायचं, पूर्ण निवू द्यायची आणि मगच कोठीत भरायची. कोमट धान्य भरलं की आत घाम धरतं आणि कीड लागते. थरांमध्ये कडुलिंबाचा पाला घालायचा, पण सावलीत चांगला वाळवलेला. पीठ मात्र आठवड्याचंच दळून आणा. महिन्याचं दळलं की पीठ विरी जातं, म्हणजे त्याचा चिकटपणा जातो, भाकरी थापताना चिरते, पोरं ती ताटात ठेवतात आणि वाचलेले पैसे उकिरड्यावर जातात.

तूर घरची असली तर खाण्यापुरती ठेवून डाळ करून घ्या. नसली तर लातुरात डाळ मिलची कमी नाही, दोन-तीन शेजारणी मिळून कट्टा घ्यायचा आणि वाटून घ्यायचा. साठवायच्या डाळीला एरंडेलाचा हलका हात लावला की ती वर्षभर राहते. करडई घाण्यावर नेऊन तेल काढलं तर पेंडही आपल्याला मिळते, ती म्हसरंवाल्याला विकता येते. लाल मिरची उन्हाळ्यातच घ्या. पण सगळंच वर्षाचं भरू नका. शेंगदाणे खवट होतात, रव्या-बेसनात अळ्या पडतात. ते महिन्याचं महिन्याला.

शिलाईचा पैसा जूनसाठी. बियाणं, खत, वह्या-पुस्तकं, गणवेश, फी, सगळं त्या एकाच महिन्यात येतं. म्हणून मी बँकेत वर्षाची आवर्ती ठेव जूनमध्ये सुरू करते, म्हणजे पुढच्या जूनला ती हातात येते. पोस्टाची आवर्ती ठेव महिना १०० रुपयांपासून सुरू होते, पण ती पाच वर्षांची असते. ती मुलीच्या पुढच्या शिक्षणासाठी ठेवावी, जूनच्या कामाची नाही. हप्ता आपल्या सगळ्यात मंद महिन्याला झेपेल एवढाच धरायचा. माझ्याकडं लग्नसराईत कपडे शिवून हात दुखतात आणि पितृपक्षात मशीन गप्प असते, म्हणून मी पितृपक्षाच्या हिशेबानं हप्ता ठरवला.

आता हौसेचा डबा. यात पट्टीचा पैसा टाकायचा नाही, शिलाईचाही नाही. घरातल्या सगळ्यांनी मिळून रोजच्या वापरात जे वाचवलं, तेच यात पडतं. उदाहरणार्थ पंखा. जुना पंखा ७५ वॅट खातो, कमी वीज खाणारा नवा बीएलडीसी पंखा ३० च्या आसपास. आमच्याकडच्या उन्हाळ्यात दिवसाला १५ तास धरले तर एका पंख्यामागं महिन्याला २० युनिट वाचतात. युनिटला दहा रुपये धरले तर २०० रुपये. तुमचा दर बिलावर बघून घ्या. महावितरणच्या घरगुती बिलात १०० युनिटच्या वर गेलं की पुढच्या युनिटचा दर चांगलाच चढतो, ३०० च्या वर आणखी. थंडीत पंखा कमी चालतो हे धरलं तरी अडीच-तीन हजारांचा पंखा त्यामुळं दीड-पावणेदोन वर्षांत फिटतो. गावाकडून तुराट्या आणून आंघोळीचं पाणी चुलीवर तापवलं की सिलेंडर आठ-दहा दिवस जास्त जातो. तोही फरक डब्यात.

मागच्या वर्षीचं त्याच महिन्याचं बिल आणि आत्ताचं बिल शेजारी ठेवून मुलगी फरक वहीत लिहिते आणि तेवढ्या नोटा मी डब्यात टाकते. मोकळ्या खोलीतला पंखा बंद करायला मला आता ओरडावं लागत नाही. त्या पंख्याचे पैसे कुठं जातात ते पोरांना दिसतं.

पाण्याचे पैसे मी यात धरत नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं ज्या शहरानं पाहिलं, तिथं पाणी जपणं डब्यासाठी करायची गोष्ट नाही.

डब्यातून काय घ्यायचं ते घर ठरवतं. माझं मत विचाराल तर खाणं आणि माणसं यांवर हात आखडू नये. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतात भज्जी, आंबील, उंडे पोटभर असावेत आणि वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारता यावी. कुंथलगिरीचा पेढा घ्यायचा तर ताजा आणि पुरेसा घ्या, एकेक तुकडा मोजून वाटण्यात हौस भागत नाही. साडी गंजगोलाईत दोन-चार दुकानं फिरून एकच, पण चांगली सुती. हप्त्यावरची हौस मात्र आमच्याकडं बंद आहे. डब्यात पैसे नसतील तर मोबाईल पुढच्या वर्षी. मुलगा दोन दिवस रुसला तरी चालतो, पण त्याला कारण नीट समजावून सांगायचं.

यंदा डब्यातून आत्याबाईंना नवरात्रात तुळजापूरला न्यायचं ठरलंय. एसटीत बायांना निम्मं तिकीट आहे आणि आत्याबाई पंचाहत्तरीच्या पुढं असल्यानं त्यांचं तिकीटच नाही. गाडी भाड्यानं केली असती तर त्यातच डबा रिकामा झाला असता. आता देवीची ओटी खणा-नारळाऐवजी साडीनं भरू, आणि परतताना मुलांसाठी काय आणायचं ते आत्याबाईच ठरवतील.