अण्णांचं आयुष्य दोन पानांत लिहिताना

अण्णांच्या वर्षश्राद्धाआधी भाऊ म्हणाला, "ताई, तू शाळेत शिकवतेस, तूच दोन पानं लिही. वाचून दाखवू." मी बसले आणि लिहिलं, 'देशसेवेसाठी आयुष्य वेचणारे...' लगेच खोडलं. हे वाक्य कुणाच्याही वडिलांना चालतं. फौजेतल्या आपल्या माणसाबद्दल लिहायचं असेल, तर मी कुठे अडखळले ते वाचा, तुमचा वेळ वाचेल.

आधी ट्रंक उघडा. काळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात नंबर, हुद्दा, नाव असतं. तो आर्मी नंबर वहीत उतरवून घ्या, पुढची सगळी चौकशी त्याच्यावरच चालते. मग डिस्चार्ज बुक, म्हणजे निवृत्त होताना मिळणारं नोकरीच्या नोंदींचं पुस्तक, शोधा. भरती, बढती, पदकं, सगळं त्यात सापडतं. हरवलं असेल तर त्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला लिहायचं. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला आहे. अर्ज जमत नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. गावात अण्णांना सगळे 'सुभेदार' म्हणत. पुस्तकात हवालदार निघाले, आणि निवृत्तीला मानद नायब सुभेदार, म्हणजे सुभेदाराच्या एक पायरी खाली. जे आहे ते लिहा.

पदकं मात्र घासूनपुसून चकचकीत करू नका. त्यांच्यावर बारीक अक्षरांत नंबर आणि नाव कोरलेलं असतं, ते झिजतं. कोरडं सुती फडकं पुरे. अण्णा एकाहत्तरला बांगलादेशात लढले, असं आम्ही लहानपणापासून ऐकलं होतं. पुरचुंडीतून निघाला पश्चिमी स्टार! पूर्वेच्या आघाडीवरच्यांना पूर्वी स्टार मिळाला होता. म्हणजे डिसेंबर १९७१ मध्ये अण्णा पश्चिमेला होते. त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही, आणि गावाने मधल्यामध्ये ढाका जोडून दिला. दुसरं एक पदक होतं स्वातंत्र्याच्या पंचविसाव्या वर्षाचं. ते १५ ऑगस्ट १९७२ ला नोकरीत असलेल्या सगळ्यांना होतं. त्याला शौर्यपदक म्हणू नका, ऐकणाऱ्यांत एखादा माजी सैनिक असतोच.

पत्रांवर ठिकाण सापडत नाही, '५६ एपीओ' किंवा '९९ एपीओ' (एपीओ म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस) एवढंच असतं. तारखेप्रमाणे लावा आणि सावकाश वाचा. आमच्याकडे २२ अंतर्देशीय पत्रं निघाली. सगळी आजोबांना, 'तीर्थरूप आबांस शिरसाष्टांग नमस्कार'. आईचं नाव एकाही पत्रात नाही. फक्त एकात, गोंद लावायच्या दुमडीवर, तिरक्या अक्षरांत : 'मुलांच्या आईने दाढेला औषध घ्यावे.' ती ओळ मी जशीच्या तशी घेतली.

खरी मेहनत पुढे आहे. आईला विचारलं, "अण्णा कसे होते गं?" ती म्हणाली, "चांगले होते." झालं! असं विचारायचंच नाही. मग विचारलं, "सुट्टीवर आले की आधी काय करायचे?" तेव्हा ती बोलती झाली. "ट्रंक ओट्यावर टाकायचे आन् तडक गोठ्यात. म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवून मग घरात. मी चुलीपुढं बसून वाट बघायची." पोराबाळांना, शेजाऱ्यांनाही असेच बारके प्रश्न विचारा. माझी भाची म्हणाली, "आजोबा वेणी घालायचे ना, दोरखंडासारखी. डोळे ताणले जायचे." निवृत्तीनंतर अकरा वर्षं त्यांनी बँकेच्या दारात रखवालदारी केली, ती आमच्या फीसाठी. ते एका ओळीत आलं, पण आलं.

कँटीनच्या रमचं काय करायचं यावर भावाशी वाजलं. आईने निकाल दिला, "लिही. पीत होते. पण पिऊन कधी ओरडले न्हाईत, गप बसायचे." मी तेवढंच लिहिलं.

दोन पानं म्हणजे मोठ्याने वाचायला पाचेक मिनिटं. त्याहून जास्त नको, पंगत खोळंबते. आणि वाचताना हातात पेन्सिल ठेवा. मी गोठ्यापर्यंत आले आणि आई मागून म्हणाली, "म्हैस न्हवं गं, तवा तांबडी गाय होती."