आखाती नोकरीचा हिशेब गाव सोडण्यापूर्वी कसा मांडावा

कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याच्या मराठी सीमाभागात, खानापूर तालुक्यातील किंवा निपाणी परिसरातील एखाद्या गावात कौलारू घर पाडून स्लॅबचे घर उभे राहू लागले, की त्या घरातला कोणीतरी दुबईला, कुवेतला किंवा सौदीला असल्याचे गावाला आधीच ठाऊक असते. त्या घराकडे पाहून आणखी चार जण पासपोर्टची चौकशी करू लागतात आणि त्यात गैर काहीच नाही. भातशेती पोटापुरती, तंबाखूचा दर व्यापाऱ्याच्या हाती, बेळगावातील वडगाव-शहापूरचे विणकाम उतरणीला लागलेले आणि तिथल्याच उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतील फाउंड्रीत वर्षानुवर्षे राबूनही पगार फारसा न हलणारा, अशा स्थितीत बाहेर पाहावेसे वाटणे साहजिक आहे. मात्र स्लॅबचे घर दिसते आणि त्यासाठी काढलेले कर्ज दिसत नाही. म्हणून ज्याने जाण्याचे जवळपास ठरवलेच आहे, त्याने पैसे देण्यापूर्वी काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने, हे येथे सांगितले आहे.

आधी आकडेमोड

एजंटाचा माणूस तोंडी सांगतो तो पगार आणि कागदावरचा पगार यांत फरक असतो. समजा, संयुक्त अरब अमिरातीतील मदतनीसाच्या कामासाठी ‘महिना 1,500 दिरहम’ असे सांगण्यात आले. ऑफर लेटर हातात घेतल्यावर त्यात मूळ वेतन 900, जेवण भत्ता 300 आणि ओव्हरटाइम 300 अशी फोड आढळते. ओव्हरटाइम हा काम असेल तरच मिळतो, त्यामुळे खात्रीचे उत्पन्न 1,200 दिरहमच धरावे. राहण्याची सोय कंपनीची असली तरी जेवण, मोबाईल आणि किरकोळ खर्च यांत काटकसर करूनही सुमारे 450 दिरहम जातात. उरतात 750. दिरहमचा भाव 23 रुपये धरला, तर घरी पाठवण्यासारखे 17,250 रुपये होतात.

आता कर्ज पाहा. एजंटाने दीड लाख रुपये मागितले आणि ते गावातल्याच कोणाकडून शेकडा 3 रुपये दरमहा व्याजाने उचलले, तर पहिल्या महिन्याचे व्याजच 4,500 रुपये होते. दरमहा 15,000 रुपये फेडले तरी कर्ज निल व्हायला 12 महिने लागतात, आणि त्या वर्षभरात घरच्यांच्या हाती महिन्याला जेमतेम 2,250 रुपये पडतात. करार दोन वर्षांचा असेल तर दुसऱ्या वर्षी पूर्ण 17,250 रुपये मिळतील. दोन्ही वर्षांची बेरीज 2,34,000 रुपये होते, म्हणजे दरमहा सरासरी 9,750. बायकामुलांना सोडून, उन्हात राबून मिळवलेली ही रक्कम उद्यमबागेतल्या किंवा गोव्यातल्या कामातून खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेशी ताडून पाहावी. तफावत पुरेशी वाटली नाही, तर तो व्यवहार तेथेच थांबवणे शहाणपणाचे आहे.

हीच आकडेमोड 50,000 रुपयांच्या कर्जावर केली, तर त्याच हप्त्याने साडेतीन-चार महिन्यांत मोकळे होता येते. पगार तोच, काम तेच, देशही तोच. पण एकाची पहिली दिवाळी कर्जमुक्त जाते आणि दुसऱ्याचे अर्धे कंत्राट सावकाराच्या नावावर जाते. पगार किती यापेक्षा कर्ज किती महिन्यांत फिटेल हा प्रश्न मी नेहमी आधी विचारतो. घरचे सोने तारण ठेवून पतसंस्थेचे किंवा बँकेचे कर्ज मिळत असेल तर ते शेकडा तीनच्या व्याजापेक्षा केव्हाही परवडते. जमिनीचा उतारा मात्र कोणाच्याही हाती देऊ नये.

एजंट किती घेऊ शकतो आणि कोण घेऊ शकतो

1983च्या उत्प्रवास कायद्यानुसार परदेशी कामासाठी माणसे भरती करणाऱ्या एजंटाची नोंदणी परराष्ट्र मंत्रालयाकडे असावी लागते आणि उमेदवाराकडून त्याला जास्तीत जास्त 30,000 रुपये व त्यावरील 18 टक्के जीएसटी, म्हणजे एकूण 35,400 रुपये घेता येतात. त्याची पावती देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. अमिरातीच्या कामगार कायद्यात तर भरतीचा खर्च मालकाने कामगाराकडून वसूल करू नये असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा ‘व्हिसाचे पैसे’ म्हणून कोणी लाख-दीड लाख मागत असेल, तर ते कशाचे आहेत हे त्याला लेखी विचारावे. उत्तर लेखी येत नाही, हेच त्याचे उत्तर समजावे.

सीमाभागात अडचण अशी, की नोंदणीकृत एजंट बहुधा मुंबईत असतो आणि गावात येतो तो त्याचा, किंवा त्याचे नाव सांगणारा, मधला माणूस. तो बऱ्याचदा ओळखीचा, नात्यातला असतो आणि त्यामुळेच त्याच्याकडे पावती मागायला संकोच वाटतो. कायद्यात अशा उपएजंटाला स्थान नाही. त्याच्याकडून मूळ एजंटाचे नाव व परवाना क्रमांक घ्यावा, ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर तो परवाना आज चालू आहे, निलंबित आहे की मुदत संपलेला आहे हे पाहावे आणि पैसे केवळ त्या संस्थेच्या बँक खात्यावर भरावेत. रोख दिलेले पैसे परत मागताना हातात काहीच नसते.

‘व्हिजिट व्हिसावर जा, तिकडे पोहोचल्यावर बदलून घेऊ’ असे सांगितले गेले, तर व्यवहार मोडावा. कुवेतच्या बाबतीत आणखी एक गोष्ट पाहावी: कलम 18चा व्हिसा खासगी कंपनीतील कामासाठी असतो आणि कलम 20चा घरकामगारांसाठी. कंपनीत ड्रायव्हर म्हणून सांगून प्रत्यक्षात कलम 20वर, म्हणजे ‘खादिम’ म्हणून पाठवलेल्या माणसाला कंपनी कामगारांचे नियम लागू होत नाहीत. थायलंडमधील ‘डेटा एन्ट्री’च्या भरघोस पगाराच्या जाहिरातींपासून तर दूरच राहावे. अशा जाहिरातींना भुलून गेलेले अनेक भारतीय तरुण म्यानमार आणि कंबोडियातील ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर डांबले गेले. आपल्याच राज्यातील कलबुर्गी जिल्ह्यातील काही तरुण मदतनीसाच्या नोकरीसाठी म्हणून रशियाला गेले आणि थेट युद्धक्षेत्रात पोहोचले, ही 2024मधील गोष्ट आहे.

कागदपत्रे: सीमाभागाचा खास घोळ

येथील माणसाच्या कागदांवर दोन राज्ये आणि तीन भाषा नांदत असतात. शाळा मराठी, दाखला कन्नडमध्ये, गुणपत्रिका इंग्रजीत. कर्नाटकात मारुती, ज्योती अशी नावे इंग्रजीत लिहिताना ‘टी’पुढे ‘एच’ लावण्याची पद्धत आहे. त्यामुळे एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, गुणपत्रिकेवर एक स्पेलिंग आणि आधारवर दुसरे, असे सर्रास आढळते. त्यातच 1 नोव्हेंबर 2014 रोजी बेळगाव शहराचे अधिकृत नाव बेळगावी झाले, त्यामुळे जुन्या कागदांवर जन्मस्थान एक आणि नव्या कागदांवर दुसरे दिसते. गावच्या नावाचा फरक सहसा समजून घेतला जातो. माणसाच्या नावाचा समजून घेतला जात नाही. म्हणून पासपोर्टसाठी अर्ज करण्यापूर्वी सर्व कागद एका टेबलावर मांडून नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख अक्षरन् अक्षर जुळवून पाहावी आणि दुरुस्ती आधी आधारमध्ये करून घ्यावी. अर्जात आडनावाचा रकाना रिकामा सोडून सगळे नाव एकाच ओळीत भरण्याची चूक अनेक जण करतात. नोव्हेंबर 2022पासून अमिराती एकेरी नावाच्या पासपोर्टवर व्हिजिट व्हिसा देताना अडवते, तेव्हा आडनाव स्वतंत्र रकान्यात असलेच पाहिजे.

निपाणी, कारदगा, बोरगाव या भागातील अनेक मुलांनी आयटीआय कागल, गडहिंग्लज किंवा कोल्हापूरला केलेले असते. परदेशी नोकरीसाठी लागणारे प्रमाणपत्राचे साक्षांकन, म्हणजे ते खरे असल्याचा सरकारी शिक्का, ते देणाऱ्या राज्यातच होते, राहत्या राज्यात नाही. म्हणजे एसएसएलसीचा कागद बेंगळुरूला आणि आयटीआयचा मुंबईला, अशी दुहेरी फेरी ठरलेली. त्यानंतर परराष्ट्र मंत्रालय आणि गरजेनुसार त्या देशाची वकिलात. या कामाला आठवडे लागतात, तेव्हा नोकरी पक्की होण्याची वाट न पाहता ते सुरू करावे.

अनुभवाच्या दाखल्याचे मात्र खरे दुखणे आहे. सीएनसी ऑपरेटर, टर्नर, फिटर, मोल्डर आणि वेल्डर ही बेळगावची ताकद, आणि कुशल कामगाराला आखातात मदतनीसापेक्षा पुष्कळ जास्त पगार मिळतो. परंतु लहान कारखान्यात रोख पगारावर दहा वर्षे काम केलेल्या माणसाकडे ते सिद्ध करणारा एक कागदही नसतो. मालकाशी संबंध चांगले असतानाच लेटरहेडवर, कामाच्या तारखा आणि यंत्राचा प्रकार लिहून दाखला घ्यावा. भविष्यनिर्वाह निधी कापला जात असेल तर त्याची नोंदही काढून ठेवावी. वेल्डरने 6जी चाचणीचा (तिरक्या बसवलेल्या पाइपच्या वेल्डिंगचा) सराव करून मगच ट्रेड टेस्टला, म्हणजे भरतीच्या कौशल्य चाचणीला, बसावे. मदतनीस म्हणून जाऊन तिकडे वेल्डर होऊ, हा बेत क्वचितच तडीस जातो, कारण व्हिसावर लिहिलेल्या हुद्द्याप्रमाणेच पगार ठरतो.

दहावी उत्तीर्ण नसलेल्यांच्या पासपोर्टवर उत्प्रवास तपासणी आवश्यक असल्याची नोंद असते आणि आखाती देशांसह 18 देशांत नोकरीसाठी जाताना त्यांना ई-मायग्रेटवरून परवानगी घ्यावी लागते. या वाटेने गेले की करार सरकारदरबारी नोंदला जातो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेखाली अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी 10 लाख रुपयांचे विमाछत्र मिळते. दोन वर्षांचा हप्ता 275 रुपये व कर इतकाच आहे. दहावी झालेल्यांना ही परवानगी लागत नाही, पण म्हणून त्यांचा करारही कोणी तपासत नाही, याचे भान त्यांनी ठेवावे.

तेथे पोहोचल्यावर

सही केलेल्या कराराची, व्हिसाची आणि पासपोर्टची छायाचित्रे घरातील शिकलेल्या माणसाकडे ठेवूनच निघावे. पोहोचल्यावर दुसरा करार पुढे करून सही मागितली, तर दोन्ही कागद शेजारी ठेवून आकडे पाहावेत. पासपोर्ट मालकाने स्वतःकडे ठेवून घेणे अमिरातीत बेकायदा आहे. तेथे 15 जून ते 15 सप्टेंबर या काळात दुपारी 12.30 ते 3 उघड्यावर काम करून घेण्यासही मनाई आहे. हा नियम ठाऊक असलेला कामगार निदान सावलीत बसण्याचा हक्क मागू शकतो.

खोलीची पाहणी पहिल्याच दिवशी करावी: एका खोलीत किती जण, बाहेर पडण्याच्या वाटा किती, स्वयंपाक कोठे होतो. 12 जून 2024 रोजी कुवेतमधील मंगाफ येथे कामगारांच्या इमारतीला आग लागून 45 भारतीयांचा बळी गेला. ती माणसेही आपापल्या घरी पैसे पाठवायलाच गेली होती.

पगार बँकेतूनच घ्यावा, म्हणजे थकल्यास दाखवता येतो. अडचण आल्यास काम सोडून पळून जाऊ नये. सौदीत मालकाने ‘हुरूब’, म्हणजे पळून गेल्याची नोंद केली की कामगार बेकायदा ठरू शकतो आणि मायदेशी परतणेही अवघड होऊ शकते. त्याआधी भारतीय दूतावासाच्या कामगार विभागाकडे किंवा परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार करावी. इकडून घरचेही ती करू शकतात. हिंदी, मराठी, कन्नड आणि थोडी कोकणी बोलणारा आपला माणूस लेबर कॅम्पमध्ये कोणाशीही जमवून घेतो, पण तक्रार लिहिताना मात्र इंग्रजी जाणणाऱ्याची मदत घ्यावी.

इकडील बचत खाते अनिवासी खात्यात बदलून घ्यावे आणि पैसे त्यातून घरी वळवावेत. हुंडीने, म्हणजे बँकेबाहेरच्या मार्गाने, पाठवलेल्या पैशांची नोंद कोठेच राहत नाही, आणि पुढे घरासाठी बँकेकडे कर्ज मागायला गेल्यावर उत्पन्न दाखवता येत नाही.

परतण्याचे ठरल्यावर तिकीट काढण्याआधी हिशेब पूर्ण करून घ्यावा. अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांच्या मूळ वेतनाइतकी ग्रॅच्युइटी मिळते. वरील उदाहरणातील 900 दिरहमवर दोन वर्षांचे 1,260 दिरहम होतात आणि रुपयांत ते 29,000च्या आसपास जातात. मूळ वेतन कमी आणि भत्ते जास्त दाखवण्याचे कारण येथे कळते, म्हणून सुरुवातीला सही करतानाच त्या एका आकड्यावर घासाघीस करावी. तेथील बँकेचे कर्ज किंवा क्रेडिट कार्डाची थकबाकी ठेवून निघू नये, विमानतळावरच अडवले जाण्याचा धोका असतो. आणि कंपनीकडून हुद्दा व तारखा लिहिलेला अनुभवाचा दाखला मागून घ्यावा. पुन्हा बाहेर जायचे असो वा उद्यमबागेत काम धरायचे असो, पुढचा पगार त्यावरच ठरतो.