इनलाइन हॉकीची चाकं आणि फ्रेम निवडताना या चुका टाळा

इनलाइन हॉकी, म्हणजे एका रांगेत चाकं असलेल्या स्केट घालून खेळायची हॉकी, खेळणारा माणूस वळताना घसरून पडला की आधी बेअरिंगला शिव्या घालतो, मग बुटाला. चाकाकडे सगळ्यात शेवटी बघतो. खरं तर चाकाच्या अंगावर निम्मं उत्तर छापलेलंच असतं: ८० मिमी, ७८ए. पहिला आकडा व्यासाचा, दुसरा कडकपणाचा. व्यास फ्रेम, म्हणजे बुटाखाली चाकं धरून ठेवणारा सांगाडा, ठरवते. कडकपणा मैदान ठरवतं, आणि त्यात दोन-चार अंकांचा फरक तुमच्या वजनामुळे पडतो. आपली खरेदी मात्र बहुतेक वेळा उलटी होते. आधी रंग आवडतो, मग कुणीतरी ‘एकदम फास्ट आहेत’ म्हणतं, आणि फ्रेममध्ये बसतात का हे घरी आल्यावर कळतं.

चूक पहिली: इनडोअरची चाकं घेऊन डांबरावर उतरणं

कडकपणा शोअर ‘ए’ या मापावर मोजतात. आकडा जितका मोठा तितकं चाक कडक. प्लॅस्टिकच्या जोडटाइलवर किंवा गुळगुळीत लाकडी मजल्यावर ७२ए ते ७८ए या टप्प्यातली मऊ चाकं चालतात, कारण तिथे मजल्यात पकड कमी असते आणि ती चाकालाच द्यावी लागते. डांबर आणि खरखरीत काँक्रीट स्वतःच चाकाला धरून ठेवतात. तिथे ८०ए ते ८५ए लागतं. मऊ चाक तिथे खोडरबरासारखं झिजतं.

मी हे स्वतःच्या चाकांवर शिकलो. नवी ७४ए चाकं होती, सराव बंद होता, म्हणून तासभर पार्किंगच्या डांबरावर फटके मारले. घरी येऊन पाहिलं तर चाकांच्या आतल्या कडेवर युरेथेनची (चाक ज्या रबरासारख्या प्लॅस्टिकचं असतं त्याची) बारीक कुरतड उमटली होती, मागच्या एका चाकाचा तर नखाएवढा तुकडाच निघाला होता. पुढच्या सामन्यात त्याच पायावर प्रत्येक फेऱ्याला ‘टक’ असा हलका ठोका जाणवत राहिला. दोन्हीकडे खेळणार असाल तर चाकांचे दोन संच ठेवा. एकाच संचात ‘मधलं काहीतरी’ घेतलंत तर आत घसराल आणि बाहेर चाकं गमवाल.

चूक दुसरी: शेजारच्या खेळाडूची चाकं बघून घेणं

तोच मजला, तीच चाकं, तरी एकाला चिकटतात आणि दुसऱ्याला निसटतात. कारण वजन. चाक दाबलं गेलं की त्याचा जमिनीला टेकणारा भाग वाढतो. जड माणसाखाली ७२ए चाक इतकं चेपतं की प्रत्येक ढकलीतली थोडी ताकद ते चेपण्यातच जाते, पाय जड वाटतो आणि चाकंही लवकर संपतात. हलक्या मुलाखाली ७८ए चाक नीट चेपतच नाही, मग वळताना पाय सटकतो. इनडोअर टाइलसाठी ढोबळ अंदाज असा: साठ-पासष्ट किलोच्या आत असाल तर ७२ए ते ७४ए, त्याच्या वर ऐंशीपर्यंत ७६ए, पुढे ७८ए. हा आरंभबिंदू समजा. दोन कंपन्यांचं ७६ए पायाखाली सारखंच वाटेल याची खात्री नसते, आणि उकाड्यात युरेथेन आणखी मऊ पडतं.

चूक तिसरी: हाय-लो फ्रेममध्ये सगळी चाकं एकाच मापाची घालणं

हॉकीच्या बऱ्याच बुटांना हाय-लो फ्रेम असते. पुढे दोन लहान चाकं, मागे दोन मोठी, उदाहरणार्थ ७६-७६-८०-८०. पुढची चाकं लहान असल्याने त्यांचे आस २ मिमी खाली घेतलेले असतात, म्हणून चारही चाकं एकाच पातळीत टेकतात. हे २ मिमी म्हणजे व्यासातल्या ४ मिमीच्या फरकाचं निम्मं.

मला एका मित्राने आठ चाकांचा जवळजवळ नवा संच दिला होता, सगळी ७६ची. फुकट मिळाली म्हणून चढवली. पुढची दोन बरोबर बसली. मागची दोन मात्र २ मिमी वर राहिली. बुटावर वजन टाकलं की स्केट मागे कलायची आणि भार दुसऱ्या व चौथ्या चाकावर यायचा. पहिलं आणि तिसरं सुमारे १ मिमी हवेत. गुळगुळीत फरशीवर उभं राहून मी वहीचा कागद चाकांखाली सरकवून पाहिला. पहिल्याखालून आणि तिसऱ्याखालून तो सहज सरकला, बाकीच्या दोघांखाली अडकला. तोवर मी ‘या फ्रेममध्ये दम नाही’ म्हणत फिरत होतो.

पुढे ८०ची घातली तरी चित्र तेच होतं. शिवाय चाक बुटाच्या तळाला किंवा शेजारच्या चाकाला घासू शकतं. तेव्हा चाकं मागवण्याआधी फ्रेमवर छापलेलं माप वाचा. छाप पुसला असेल तर जुनी चाकं मोजा, पण झिजलेलं ८०चं चाक ७७ भरू शकतं हे ध्यानात ठेवा.

मुद्दाम रॉकर, म्हणजे चाकांची रांग कमानीसारखी, करणारेही असतात. सपाट ८०च्या फ्रेममध्ये पहिलं आणि चौथं चाक ७६चं, मधली दोन ८०ची. वळण एकदम चपळ होतं, सरळ धावताना मात्र पाय डगमगतो. बर्फावरून आलेल्यांना हे आवडतं, कारण हॉकीच्या ब्लेडलाही अशीच कमान असते. पहिल्या वर्षी मात्र हा नाद नको.

चूक चौथी: फ्रेम मोठी तितकी बरी असं मानणं

लांब फ्रेम सरळ धावेत स्थिर असते आणि आखूड फ्रेम पटकन वळते. हॉकीत सरळ धाव क्वचितच दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टिकते. लहान मुलांच्या बुटाला ८०ची चारही चाकं बसवायचा हट्ट धरला तर फ्रेम बुटाच्या पुढे-मागे बाहेर येते आणि टाच उंच जाते. लहान बुटांना ७२ किंवा ७६चीच फ्रेम असते, त्यामागे हेच कारण आहे.

अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम कडक असते, ढकलीची ताकद वाया जात नाही. प्लॅस्टिकची फ्रेम स्वस्त असते, पण जोरात वळताना लवते. नवशिक्याला तिची फारशी अडचण होत नाही, वेगाने खेळायला लागलात की जाणवते.

बहुतेक हॉकी बुटांना फ्रेम रिव्हेटने ठोकलेली असते. एका पायावर सरकताना स्केट सतत एकाच बाजूला ओढत असेल तर आधी चाकांची झीज बघा. चाकं सारखी असूनही ओढ राहिली तर बूट उलटा धरून टाचेकडून बोटांकडे एका डोळ्याने नजर लावा. चाकांची रांग बुटाच्या मधल्या रेषेवरून जात नसेल तर फ्रेम तिरकी बसली आहे. रिव्हेट ढिली झाली की टाचेपाशी कट-कट आवाज येतो. ते काम घरी हातोडीने करू नका, जाणकाराकडून करून घ्या.

चूक पाचवी: सगळा भरवसा एबेकवर ठेवणं

एबेकचा आकडा बेअरिंग किती काटेकोरपणे बनवलं आहे हे सांगतो. ते किती पळेल, किती टिकेल, हे सांगत नाही. एबेक ९ घेऊन स्पेसर (दोन बेअरिंगमधली छोटी नळी) हरवलेला खेळाडू मी पाहिलाय. आणखी एक घोळ मापाचा होतो. नेहमीच्या ६०८ बेअरिंगचा बाहेरचा व्यास २२ मिमी असतो, ६८८ या लहान बेअरिंगचा १६. दोन्हींचं भोक ८ मिमीच, म्हणून माणूस फसतो, पण हब, म्हणजे बेअरिंग बसतं तो चाकाचा मधला भाग, वेगळं लागतं.

चाक हातात धरून मस्त फिरतं आणि बोल्ट आवळला की अडकतं? दोन बेअरिंगमधला स्पेसर नाही, किंवा तो आखूड आहे. मग बोल्टचा सगळा दाब बेअरिंगवर येतो. बोल्ट ढिला ठेवून हे निभावून नेऊ नका, सामन्यात तो गळून पडतो.

काय होतंय, आधी काय बघायचं

नेहमीच्या मैदानावर अचानक पकड गेली तर नवी चाकं मागवण्याआधी ओल्या फडक्याने जुनीच पुसा. टाइलवरची धूळ चाकावर बसली की मऊ चाकही घसरतं. मध्यंतरात पुसणारे खेळाडू उगाच पुसत नाहीत. नव्या चाकांवर साच्यातली चकाकी असते. ती जाईपर्यंत, म्हणजे पहिला सराव होईपर्यंत, त्यांना नावं ठेवू नका.

आतली कडच झिजत असेल तर तो आपल्या ढकलीचा स्वभाव आहे. झिजलेली कड बाहेरच्या बाजूला येईल अशी चाकं डाव्या-उजव्या पायात बदला. सपाट फ्रेममध्ये पहिलं तिसऱ्याशी, दुसरं चौथ्याशी अदलाबदल चालते. हाय-लोमध्ये पुढची पुढच्यांत आणि मागची मागच्यांतच फिरवायची, नाहीतर कागदाची तीच परीक्षा पुन्हा द्यावी लागेल.