मुख्यमंत्र्यांची यादी पाठ करताय? या चुका टाळा

पुण्यात सदाशिव पेठेतल्या स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकांमध्ये प्लायवूडच्या पार्टिशनवर सेलोटेपने चिकटवलेला एक कागद हमखास दिसतो: 'महाराष्ट्राचे मुख्यमंत्री'. झेरॉक्सची झेरॉक्स असल्यामुळे 3 आहे की 8, ते कळत नाही. पोरं नावं घडाघडा म्हणतात आणि प्रश्न जरा वाकडा आला की अडकतात. चूक बहुतेक वेळा दोन नावांच्या मधे होते. आधीचा का गेला आणि पुढचा कुठून आला, हे त्या कागदावर नसतं.

यादी नेमकी कुठून सुरू होते?

यशवंतराव चव्हाण राज्याचे पहिले मुख्यमंत्री, हे बरोबर. पण ते 1 मे 1960 ला त्या खुर्चीत पहिल्यांदा बसले, हे चूक. 1 नोव्हेंबर 1956 पासून ते द्वैभाषिक (मराठी-गुजराती) मुंबई राज्याचे मुख्यमंत्री होतेच. त्यांच्या आधी मोरारजी देसाई होते. 1960 ला राज्य नवं झालं, मुख्यमंत्री तेच राहिले. त्यामुळे कार्यकाळ विचारला असेल तर कोणत्या राज्याचा, ते आधी बघा. आणखी मागे गेलात तर 1937 मध्ये बाळासाहेब खेर मुंबई प्रांताचे प्रमुख म्हणून भेटतील. त्या काळी प्रांतिक विधिमंडळ आपल्या पुण्यातल्या काउन्सिल हॉलमध्येही भरायचं. पण ते नाव महाराष्ट्राच्या यादीत घुसडू नका.

सावंत गाळू नका

"हे सावंत मधेच कुठून आले?" हा प्रश्न दर बॅचला कोणीतरी विचारतंच. 1962 च्या नोव्हेंबरमध्ये चीन युद्धाच्या धामधुमीत यशवंतराव संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला गेले आणि मारोतराव कन्नमवार आले. 24 नोव्हेंबर 1963 ला कन्नमवारांचं पदावर असतानाच निधन झालं. दुसऱ्या दिवशी पी. के. सावंत हंगामी मुख्यमंत्री झाले आणि 5 डिसेंबरला वसंतराव नाईकांनी सूत्रं हाती घेतली. सावंतांना जेमतेम दहा दिवस मिळाले, पण त्यांना धरलं तरच व्यक्तींची संख्या 20 होते. शेवटचं नवं नाव एकनाथ शिंदे, कारण डिसेंबर 2024 मध्ये आलेले देवेंद्र फडणवीस यादीत आधीपासूनच आहेत.

इथेच दुसरी गफलत होते. माणसं मोजताय की शपथविधी? शरद पवार चार वेळा मुख्यमंत्री, असं एक पुस्तक म्हणतं. दुसऱ्यात त्यांच्या नावाच्या तीनच ओळी असतात. दोन्ही बरोबर. 1988 ला ते आले, 1990 च्या निवडणुकीनंतर त्यांनी पुन्हा शपथ घेतली आणि 1991 पर्यंत राहिले. कोणी ही सलग एक ओळ धरतं, कोणी दोन. अप्पा बळवंत चौकातून तिसरं पुस्तक आणून हा घोळ मिटणार नाही. आणि 1978 ला पहिल्यांदा मुख्यमंत्री झाले तेव्हा पवार "38 वर्षांचे" होते, असं लिहू नका. जन्म डिसेंबर 1940 चा आहे, म्हणजे 37 पूर्ण, अडतिसावं चालू.

एक निवडणूक, एक मुख्यमंत्री?

सगळ्यात जास्त मार्क इथे जातात. निवडणुकांची सालं पाठ असतात, म्हणून प्रत्येक सालापुढे एकेक नाव टाकून मोकळं व्हायचं. ऐंशीच्या दशकात हा हिशेब पार कोलमडतो. 1980 च्या विधानसभेने तीन मुख्यमंत्री पाहिले: अंतुले, बाबासाहेब भोसले, वसंतदादा पाटील. 1985 च्या विधानसभेने चार. निवडणूक झाली तेव्हा वसंतदादा होते, जूनमध्ये ते गेले आणि शिवाजीराव पाटील निलंगेकर आले. मुलीच्या एम.डी. (वैद्यकीय पदव्युत्तर) परीक्षेच्या गुणांच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने ताशेरे ओढल्यावर मार्च 1986 मध्ये तेही गेले. मग शंकरराव चव्हाण दुसऱ्यांदा आले आणि जून 1988 मध्ये शरद पवार.

आता गंमत बघा. 1985 ची निवडणूक पवारांनी काँग्रेसच्या विरोधात लढवली होती. 1986 मध्ये ते पक्षात परतले आणि त्याच विधानसभेत काँग्रेसचे मुख्यमंत्री झाले. फक्त निवडणुकीचे निकाल पाठ करणाऱ्याला हे कधीच जुळवता येणार नाही. दिल्लीच्या मनात आलं की मुंबईतला माणूस बदलायचा, हा त्या काळातला रिवाज ध्यानात ठेवलात तर निम्मं पाठांतर वाचेल. पाच वर्षांची पूर्ण मुदत वसंतराव नाईक आणि 2014 नंतरचे फडणवीस एवढ्या दोघांनीच काढली.

आडनावांचा गुंता

चव्हाण चार. त्यातले शंकरराव आणि अशोक हे बापलेक, नांदेडचे. यशवंतराव आणि पृथ्वीराज दोघे कराडचे, पण नातं नाही. नाईक दोन, पुसदचे काका-पुतणे: वसंतराव आणि सुधाकरराव. वसंतराव नाईक आणि वसंतदादा पाटील यांची अदलाबदल तर घाईत लिहिताना सर्रास होते. नाईक सलग अकरा वर्षांहून जास्त राहिले, दादा तुकड्या-तुकड्यांत.

मोकळ्या जागा

एकाची तारीख संपते आणि दुसऱ्याची त्याच दिवशी सुरू होत नसेल, तर छापील चूक म्हणून ती "दुरुस्त" करू नका. राष्ट्रपती राजवट राज्यात तीनदा लागली: 1980, 2014 आणि 2019. शेवटची नीट पाहा. 8 नोव्हेंबर 2019 ला फडणवीसांचा राजीनामा, 12 ला राजवट. 23 ला पहाटे 5 वाजून 47 मिनिटांनी राजवट उठली आणि आठच्या सुमारास फडणवीसांनी पुन्हा शपथ घेतली. 26 ला परत राजीनामा, 28 ला उद्धव ठाकरे. ठाकरे तेव्हा कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. कलम 164 प्रमाणे सहा महिन्यांत सदस्य होणं भाग असतं. मे 2020 मध्ये ते विधान परिषदेवर बिनविरोध गेले.

उपमुख्यमंत्र्यांचा तक्ता वेगळ्या कागदावर करा. राज्यघटनेत त्या पदाचा उल्लेखच नाही, त्यामुळे हंगामी मुख्यमंत्री आणि उपमुख्यमंत्री एकाच रकान्यात बसत नाहीत. तिथे पहिलं नाव नाशिकराव तिरपुडे, साल 1978, मुख्यमंत्री वसंतदादा. ते सरकार जुलैत पडलं आणि पवारांचं पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) आघाडीचं सरकार आलं.